चाळीस जागा, सेहेचाळीस माणसं: गिल्डभरतीच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०१९

आमच्या गिल्डची, म्हणजे ऑनलाइन खेळातल्या आमच्या कायमच्या संघाची, भरती आणि हजेरी आजपासून माझ्याकडे. गिल्डमास्तर रेड, म्हणजे चाळीस जणांची मोठी मोहीम, चालवणार, लुटीचा, म्हणजे तिथे मिळणाऱ्या वस्तूंचा, हिशोब दुसऱ्या ऑफिसरकडे, आणि माणसं मी बघायची, अशी वाटणी झाली.

आत्ताची स्थिती अशी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक २७ ऑगस्टला सुरू झालं, आमच्यातले बहुतेक जण आता साठाव्या, म्हणजे शेवटच्या, लेव्हलला पोचलेत. मोल्टन कोअर या रेडमध्ये आम्ही तीस-बत्तीस जण उतरतो, एकेक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पाडत गोलेमॅगपर्यंत कसेबसे जातो आणि वेळ संपतो. चॅटवर सगळ्यांचं म्हणणं एकच, गिअर, म्हणजे शस्त्रं-चिलखतं, कमी पडतंय. मला हे पटत नाही. क्लासिकमध्ये रॅग्नरॉस, म्हणजे मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस, पहिल्यांदा पडला तो खेळ सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात, आणि त्या रेडमध्ये साठाव्या लेव्हलला न पोचलेली माणसंही होती. अडतं ते चाळीस माणसं एका वेळी, तयारीनिशी हजर असण्यावर.

चाळीस म्हणजे पाच-पाचांचे आठ गट. खेळातल्या दोन पक्षांपैकी आम्ही हॉर्डचे, म्हणजे आमच्यात पॅलाडिन हा वर्ग नाही, शामन आहेत, आणि शामनचे टोटेम, म्हणजे साथीदारांना बळ देणारे खांब, फक्त त्याच्याच गटाला लागू पडतात. जवळून मारणाऱ्यांच्या प्रत्येक गटाला विंडफ्युरी टोटेम टाकणारा शामन हवा. आमच्याकडे शामन तीन. गॅर या बॉसच्या भोवतीचे आठ फायरस्वॉर्न बॅनिश करून, म्हणजे काही वेळ निकामी करून, ठेवायला वॉरलॉक हवेत, ते दोन. मॅगमडार हा बॉस पिसाळला की त्याला शांत करायला ट्रँक्विलायझिंग शॉट शिकलेले हंटर हवेत, तो एकच. जखमा भरणारे हीलर दहा-बारा लागतात, येतात सात. वॉरियर आणि रोग, हे जवळून मारणारे वर्ग, मात्र रांगेत उभे आहेत.

रोस्टर, म्हणजे नेहमीच्या खेळाडूंची यादी, किती मोठं करायचं यावर गिल्डमास्तरशी बराच वेळ बोलले. त्याला साठ माणसं हवी होती, म्हणजे कधीच कमी पडणार नाहीत. साठ जणांत वीस बाहेर बसतात, म्हणजे प्रत्येकाला तीन रेडमधली एक बुडणार. असं कोण टिकेल? सेहेचाळीस जणांत सहा राखीव, पाळी दर सातव्या-आठव्या रेडला. शिवाय कुणी ना कुणी गैरहजर असतंच, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. सेहेचाळीसवर ठरलं.

९ ऑक्टोबर

भरतीची जाहिरात लिहिली. बऱ्याच गिल्डच्या जाहिराती वाचून पाहिल्या, सगळ्या ‘मैत्रीपूर्ण वातावरण’ आणि ‘अनुभवी नेतृत्व’ यावर थांबतात. त्यावरून येणाऱ्याला काहीच कळत नाही. आमची अशी:

‘रेड बुधवार आणि रविवार, सर्व्हर टाइम रात्री ८ ते ११. अकरानंतर नवा पुल (नवी लढाई) नाही. हवे आहेत: शामन तीन, हीलिंग करणारे प्रीस्ट तीन, ड्रुइड एक, वॉरलॉक दोन, हंटर एक. गिअर बघत नाही. वेळेवर येणं, सूचना ऐकणं आणि पाळी आली की राखीव बसणं, हे बघतो. राखीव बसणाऱ्याला रेडमधल्याइतकेच पॉइंट. व्हॉइसवर आणि चॅटवर शिवीगाळ, कुणाच्या भाषेवरून किंवा बाई-पुरुष असण्यावरून बोलणं चालत नाही.’

लुटीच्या ऑफिसरचं म्हणणं, शेवटच्या ओळीने लोक बिचकतात. ज्यांनी बिचकायला हवं तेच बिचकतील, असं मी सांगितलं. राखीवचा उल्लेखही त्याला नको होता, ‘आधीच बाहेर बसवायचं बोललं तर कोण येईल?’ पण ही गोष्ट माणसाला आत आल्यावर कळली तर ती फसवणूक वाटते. दारातच कळली तर ती अट असते. ओळ ठेवली.

१३ ऑक्टोबर

मुलाखती. प्रत्येकाशी डिस्कॉर्डवर दहा-पंधरा मिनिटं. गिअर विचारायचं कारण नाही, ते शहरात शेजारी उभं राहून इन्स्पेक्ट केलं की दिसतं. विचारायचं ते असं: मागची गिल्ड का सोडली? एकाच बॉसवर संध्याकाळभर वाइप होत राहिलं, म्हणजे सगळेच मरत राहिले, तर काय करतोस? राखीव बसायला सांगितलं तर तो वेळ कसा घालवशील? घरून उठावं लागण्याची शक्यता कितपत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. एक रोग आला होता. गिअर आमच्या कुणाहीपेक्षा सरस, आकडे सगळे तोंडपाठ. दोन गिल्ड सोडून आलेला. दोन्हीकडचे लोक ‘बिनडोक’ होते, रेड लीडर ‘झोपलेला’ होता. दहा मिनिटांत स्वतःखेरीज कुणाबद्दल एक बरा शब्द नाही. त्याला नम्रपणे नाही सांगितलं. आणखी दोन महिन्यांनी तिसऱ्या ठिकाणी तो आमच्याबद्दल हेच सांगत असता.

त्यानंतर एक प्रीस्ट. लेव्हल सत्तावन्न, अजून साठही पूर्ण नाही. म्हणाली, ‘हीलिंग येतं मला, पण पाच जणांच्या डंजनमध्ये. चाळिसांत मी नक्की कुणाकडे बघायचं, हे आधी सांगाल ना?’ तिला तिथल्या तिथे घेतलं. हा प्रश्न आमच्या जुन्या हीलरांपैकी कुणी आजवर विचारला नव्हता. म्हणूनच मुख्य टँकवर, म्हणजे बॉसचा मार झेलणाऱ्यावर, सहा हील एकदम पडतात आणि शेजारचा टँक मरतो. तिच्या प्रश्नावरूनच ठरलं, बुधवारपासून प्रत्येक बॉसआधी हीलिंगची वाटणी नावानिशी लिहून द्यायची.

२० ऑक्टोबर

नव्यांची पहिली रेड. चाचणी तीन आठवड्यांची. कधी संपणार ती तारीख प्रत्येकाला आजच सांगून ठेवली. निकाल हो असो वा नाही, त्याच रात्री तोंडी सांगायचा. अधांतरी कुणाला ठेवायचं नाही.

माणूस ऐकतो का, हे बघायला बॅरन गेडनसारखा बॉस नाही. तो मधूनच एकाच्या अंगावर लिव्हिंग बॉम्ब टाकतो. ज्याच्यावर पडला त्याने काही सेकंदांत सगळ्यांपासून लांब पळायचं, नाहीतर तो फुटतो आणि आसपासचे सगळे भाजतात. कौशल्य काही लागत नाही. हातातलं काम सोडून पळायचं, एवढंच. आज एक नवा शामन हील टाकत असताना त्याच्यावर बॉम्ब आला. त्याने हील अर्धवट सोडलं, भिंतीकडे धावला, एकटाच वर उडाला, खाली पडला, स्वतःला सावरून पुन्हा जागेवर आला. व्हॉइसवर एकच शब्द बोलला, ‘आलो.’ त्याच बॉसवर आमचा एक जुना मेज, म्हणजे जादूगार, मात्र ‘एकच फायरबॉल बाकी होता’ म्हणत उभा राहिला आणि चार जणांना घेऊन गेला.

शामनच्या नावापुढे खूण केली. मेजशी रेडनंतर एकट्याशी बोलले, सगळ्यांसमोर नाही.

२७ ऑक्टोबर

लुटीची पद्धत ठरली. यावर आठवडाभर खल चालला होता.

लूट कौन्सिल म्हणजे कुणाला काय द्यायचं ते ऑफिसर बसून ठरवणार. रेडच्या फायद्याचं पाहिलं तर हीच पद्धत सगळ्यात चांगली, पण ओळख जुनी आणि विश्वास घट्ट असेल तरच. आमची निम्मी गिल्ड महिन्याभराची आहे. नुसते फासे टाकले तर दर वेळी येणारा आणि आज पहिल्यांदा आलेला एका मापात. उरली डीकेपी, म्हणजे ड्रॅगन किल पॉइंट्स: हजेरीचे पॉइंट मिळवायचे आणि ते मोजून वस्तू घ्यायच्या. ही पद्धत १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट या जुन्या ऑनलाइन खेळातल्या एका गिल्डने काढली आणि वीस वर्षं झाली तरी चालू आहे, कारण येणाऱ्याला मिळावं हे तिचं तत्त्व कुणालाही पटतं. तिचा दोष एकच: जुन्यांचे पॉइंट साठत जातात आणि नवा माणूस कधीच त्यांच्या जवळ पोचत नाही. भरती करणारीला हा दोष परवडणारा नाही.

म्हणून घट ठेवली. आठवड्याच्या दोन्ही रेड मिळून १०० पॉइंट. नवा आठवडा लागताना शिल्लकीतले २० टक्के कमी. यात कुणीही ५०० च्या वर जाऊ शकत नाही, कारण ५०० मधले १०० जातात आणि तेवढेच नवे येतात. नव्या माणसाचे पहिल्या आठवड्याअखेर १००, मग १८०, २४४, २९५, आणि पाचव्या आठवड्याला ३३६. म्हणजे महिना-सव्वा महिन्यात तो सर्वात जुन्या माणसाच्या दोन-तृतीयांशावर.

आमचा एक जुना वॉरियर यावर नाराज आहे. ‘माझ्या मेहनतीचा पाचवा हिस्सा दर आठवड्याला जाणार?’ पॉइंट साठवायला नसतात, वापरायला असतात, वापरलेस तर काहीच जाणार नाही, असं मी म्हटलं. त्याला पूर्ण पटलेलं नाही. पण त्याने ते माझ्याशी बोलून दाखवलं, आपापसात कुजबुजला नाही, याचं मला मोल वाटतं.

५ नोव्हेंबर

पहिल्यांदाच बेचाळीस जणांनी ‘येतो’ कळवलं. म्हणजे उद्या दोघे राखीव. याची मी वाट बघत होते आणि धास्तीही होती.

नियम असे ठरवले. राखीव कोण हे आदल्या दिवशी ठरवायचं आणि त्या माणसाला मी स्वतः कळवायचं, यादी चिकटवून मोकळं व्हायचं नाही. कारण सांगायचं. पुढे कधी आत असेल तेही त्याच वेळी सांगायचं. लागोपाठ दोन आठवडे तोच माणूस बाहेर नाही. राखीव माणसाने बोलावलं तर दहा मिनिटांत येता येईल असं राहायचं, बाकी वेळ त्याचा. पॉइंट पूर्ण. ऑफिसरांचीही पाळी लागते, मीही त्यात आहे.

वॉरियरला, म्हणजे त्याच नाराज वॉरियरला, संध्याकाळी मेसेज केला. लगेच त्याचा फोन आला.

‘ताई, मी कमी पडतोय का?’

‘नाही रे. उद्या जवळून मारणारे जास्त झालेत आणि शामन तेवढे नाहीत. तुझी पाळी आहे. रविवारी आणि पुढचा पूर्ण आठवडा तू आत.’

‘मग काही हरकत नाही. मागच्या गिल्डमध्ये कुणी काही सांगायचंच नाही. आठ वाजता इन्व्हाइट आला नाही की समजून घ्यायचं. मी तीन आठवडे असाच लॉगिन करून बसून होतो, मग सोडली.’

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. माणसं बाहेर बसल्यामुळे जात नाहीत. आपण कुठे उभे आहोत हे कुणी सांगत नाही म्हणून जातात. माझ्या सगळ्या कामाचा गाभा मला यातच दिसतो.

१० नोव्हेंबर

रॅग्नरॉस पडला. एकोणचाळीस जण होतो. व्हॉइसवर इतका कल्ला झाला की कुणाचंच काही ऐकू येईना.

कामाचं: रॅग्नरॉसच्या आधी मोल्टन कोअरमधले रून, म्हणजे जादूच्या खुणा, विझवायला लागणारं अ‍ॅक्वल क्विंटेसन्स आज त्याच ठरावीक जणांनी आणलं. ते आणायला हायड्रॅक्सियन वॉटरलॉर्ड्स या खेळातल्या गटाकडे नाव मिळवावं लागतं आणि लांब जावं लागतं. त्यांच्यावर नेहमीच भार नको, आणखी पाच जणांची नावं घेतली.

१७ नोव्हेंबर

१४ तारखेला ऑनर सिस्टिम आली, म्हणजे विरुद्ध पक्षाचे खेळाडू मारले की ऑनर मिळतो. बॅटलग्राउंड, म्हणजे अशा लढायांची वेगळी मैदानं, अजून सुरू नाहीत, त्यामुळे ज्याला ऑनर हवा तो ब्लॅकरॉक माउंटनमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला मारत उभा. आमच्या रेडचा रस्ता तिथूनच जातो. रेड पाऊण तास उशिरा लागली, दोघे वैतागून लॉगआउट झाले.

पुढच्या वेळेपासून साडेसातला बाहेरच जमायचं आणि एकत्र आत जायचं. वॉरलॉक आणि सोबत दोघे आधी पोचतील, उरलेल्यांना ते समन करतील, म्हणजे जादूने तिथे खेचून घेतील. प्रत्येक समनला एक सोल शार्ड जातो, त्यामुळे वॉरलॉकने पिशवीभर शार्ड घेऊन यायचं. या वेळेचे पॉइंट त्यांना वेगळे द्यायचे. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही म्हणूनच.

२३ नोव्हेंबर

एका मेजचा मेसेज, ‘कुठल्या तरी रेडमध्ये सहज गेलो होतो, आता आपल्यात येता येत नाहीये.’ तिथे लुसिफ्रॉन मेला तेव्हा तो हजर, म्हणजे या आठवड्याचा आयडी, आठवड्याला एकदाच मिळणारा प्रवेश, त्या रेडला बांधला गेला. रिसेट होईपर्यंत उपाय नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याच्या जागी राखीव शामन घेतला. उद्याचे पॉइंट नाहीत, याउपर काही बोलायचं नाही. नियम नव्यांच्या स्वागताच्या मेसेजमध्ये घातला: मुख्य पात्राचा मोल्टन कोअरचा आयडी गिल्डचा, दुसऱ्या पात्राने हवं तिकडे जा.

१ डिसेंबर

गॅरकडून बाइंडिंग निघालं. थंडरफ्युरी या दुर्मिळ तलवारीला अशी दोन लागतात, एक गॅरचं, एक गेडनचं, आणि दोन्ही क्वचितच निघतात. या एका वस्तूवरून गिल्ड मोडल्याच्या गोष्टी जुने खेळाडू अजून सांगतात. आम्ही ते डीकेपीत ठेवलंच नाही. तलवारीला लागणारं एलिमेंटियम ब्लॅकविंग लेअर या पुढच्या रेडमध्ये मिळतं आणि ते अजून उघडलेलंही नाही. म्हणजे ज्याला देऊ तो आणखी काही महिने इथे असायला हवा. टँकांचा क्रम हजेरीवरून ठरवून तो ऑक्टोबरमध्येच सगळ्यांना लिहून दिला होता. आज यादीतलं पहिलं नाव पुकारलं, मिनिटभर अभिनंदनाचा वर्षाव झाला, आणि पुढचा पुल.

७ डिसेंबर

दुपारी प्रीस्टने मला स्क्रीनशॉट पाठवले. आमचा एक मेज, लॉगमध्ये, म्हणजे माऱ्याच्या नोंदीत, जवळजवळ दर वेळी पहिला, तिला दोन आठवडे खासगी मेसेज करतोय. आधी कौतुक, मग फोटो मागणं, मग ती उत्तर देत नाही म्हणून ‘तुला रेडमध्ये राहायचंय ना?’ असलं. तिने खाली लिहिलं होतं, ‘तो रेडला लागतो हे माहीत आहे मला. म्हणून बोलले नव्हते.’

हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्याच्या मेसेजपेक्षा तिच्या या ओळीचं.

तिला आधी विचारलं, तुझं नाव बाहेर येऊ नये असं वाटतं का, आणि काय व्हावंसं वाटतं? ‘नाव नको. तो इथे नसावा.’ गिल्डमास्तरला सगळं दाखवलं. संध्याकाळी आम्ही दोघांनी मेजला व्हॉइसवर बोलावलं. ‘गंमत होती, तिने फार मनावर घेतलं’, एवढंच त्याचं उत्तर. पाच मिनिटांत त्याला गिल्डमधून आणि डिस्कॉर्डवरून काढलं. रेडनंतर बघू, नवा मेज मिळेपर्यंत थांबू, असली चर्चाही केली नाही.

सगळ्यांना कळवलं: ‘एका सदस्याला वागणुकीमुळे काढलं आहे. तपशील देणार नाही, कुणी खोदून विचारू नये. कुणाशी असं काही होत असेल तर माझ्याकडे या. समोरच्याचा डीपीएस (दर सेकंदाचा मारा) किती, हे मी विचारणार नाही.’

८ डिसेंबर

मेजचे दोन मित्रही गेले. आज सदतीस जण. रॅग्नरॉस पडला नाही. तीन मिनिटांनी तो लाव्हात बुडी मारतो आणि आठ सन्स ऑफ फ्लेम वर येतात, त्याआधी पाडण्याइतका मारा उरला नव्हता, आणि सन्सनी हीलरांना गाठलं. अकराला थांबलो. कुणी तक्रार केली नाही. रात्री उशिरा आणखी एका हीलरचा मेसेज आला, मागच्या एका गिल्डमधला तिचा अनुभव, फक्त सांगण्यासाठी. तिला तिथे कुणी विचारलं नव्हतं.

मेजच्या जागेसाठी दोन मुलाखती ठरल्या.

१८ डिसेंबर

बॅटलग्राउंड सुरू झाली आहेत, लोक तिकडे रमलेत. मोल्टन कोअर आता सरावाचं झालंय आणि ब्लॅकविंग लेअर यायचंय. असा मधला काळ गिल्डला सगळ्यात अवघड. हरताना माणसं एकत्र राहतात, पण करायला नवं काही नसलं की विरतात.

जाणारा माणूस जाण्याच्या बराच आधी गप्प होतो. रेडला येतो पण गप्पांत नसतो. ‘येतो’चं उत्तर आदल्या दिवशी द्यायचा तो शेवटच्या तासाला देतो. लुटीवर बोली लावणं थांबवतो, हे तर हमखास लक्षण. आज अशी तीन नावं काढली आणि तिघांशी बोलले. एकाला नोकरीच्या पाळ्या बदलल्यामुळे बुधवार जमत नाही आणि ते सांगायला संकोच वाटत होता. त्याला फक्त रविवारचा केला, प्रश्न मिटला. एकाला खेळच पुरे झालाय. त्याला आभार मानून निरोप दिला आणि परत यावंसं वाटलं तर दार उघडं असल्याचं सांगितलं. तिसरा म्हणाला, ‘इथे मला कुणी ओळखत नाही.’

दोन महिने दर आठवड्याला सहा तास आमच्याबरोबर असलेला माणूस हे म्हणतो आणि ते खरं आहे. चाळिसांच्या व्हॉइसवर रेड लीडर सोडून कुणी बोलू शकत नाही, बोललं तर बॉस मारता येत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी काही संशोधकांनी याच खेळातल्या खेळाडूंच्या मुलाखती घेतल्या होत्या. माणसं एकमेकांशी कशी जोडली जातात हे बऱ्याच अंशी खेळाची रचनाच ठरवते, असं त्यांना दिसलं. आमचं तेच झालंय. ओळख होते ती पाच जणांच्या डंजनमध्ये, आणि तिथे प्रत्येक जण आपापल्या चार ओळखीच्यांबरोबर जातो. शुक्रवारी मिसळ गट सुरू करते, पाच जण मी निवडणार, त्यात निदान दोघे नवे. सक्ती नाही.

५ जानेवारी २०२०

सुट्ट्यांत दोन रेड बुडाल्या, अपेक्षितच होतं. त्यापेक्षा मोठी गोष्ट: सर्व्हरवरच्या एका छोट्या गिल्डने विलीन व्हायचं विचारलंय. अकरा जण, त्यात तीन शामन.

शामन बघून गिल्डमास्तर लगेच तयार. मी दोन दिवस मागितले. गट म्हणून आलेली माणसं गट म्हणूनच जातात, एक रुसला की अकरा जागा रिकाम्या. २००७ मध्ये बर्निंग क्रुसेडने रेड चाळिसांवरून पंचवीसवर आणल्या तेव्हा किती गिल्ड अशा आतल्या गटांवरून फुटल्या, हे त्या काळी खेळलेल्या कुणालाही विचारावं.

त्यांच्या लीडरशी तासभर बोलले. समजूतदार माणूस. त्यांच्या अटी: सगळ्यांना घ्या आणि आमच्यातला एक ऑफिसर करा. आमच्या: प्रत्येकाची मुलाखत वेगळी, चाचणी तीच, पॉइंट शून्यापासून, एकाच गटात बसवण्याचं वचन नाही. त्यांच्या ऑफिसरची अट मात्र मी मान्य केली, कारण नव्यांना आपलं म्हणणं मांडायला ओळखीचा माणूस हवा. तिघे मुलाखतीआधीच नको म्हणाले. आठ आले. रोस्टर आता पंचेचाळीस.

२१ जानेवारी

वर्ल्ड बफवरून, म्हणजे रेडबाहेर मिळणाऱ्या तात्पुरत्या बळावरून, वाद. ओनिक्सिया या ड्रॅगनचं डोकं आमच्या राजधानीत, ऑरग्रिमारमध्ये, लावलं की दोन तासांचा बफ मिळतो, रेंडच्या डोक्याचा तासाभराचा, शिवाय डायर मॉल या डंजनचे. मेलं की सगळे जातात. काहींना हे सक्तीचं करायचंय. म्हणजे आठच्या रेडला साडेसहापासून शहरात उभं राहायचं. तीन तासांच्या रेडची जाहिरात वाचून आलेल्या माणसाकडून आपण साडेचार तास मागणार का? मी ठामपणे नाही म्हटलं. डोकं कधी लावणार ती वेळ आदल्या दिवशी जाहीर होईल, जमेल त्याने यावं, न आलेल्याला कुणी काही बोलायचं नाही. मताला टाकलं, बहुमताने हेच ठरलं. दोघे अजून नाखूश आहेत.

२ फेब्रुवारी

ब्लॅकविंग लेअर १२ तारखेला उघडणार. तयारीचा आढावा.

प्रवेशासाठी प्रत्येकाला अपर ब्लॅकरॉक स्पायर या डंजनमध्ये ड्रॅकिसाथ या बॉसच्या मागच्या गोळ्यापर्यंत जावं लागतं. दहा-दहाच्या फेऱ्या लावल्या, विलीन झालेले आणि जुने मुद्दाम मिसळून. शुक्रवारच्या गटांमुळे हे आता सहज होतंय. ‘इथे मला कुणी ओळखत नाही’ म्हणणारा ड्रुइड आज एक फेरी स्वतः चालवत होता.

ओनिक्सिया स्केल क्लोक, म्हणजे ओनिक्सियाच्या खवल्यांचा झगा, प्रत्येकाला हवा, नाहीतर शेवटच्या बॉसची, नेफेरियनची, शॅडो फ्लेम एका फुंकरीत मारते. ओनिक्सिया दर पाच दिवसांनी रिसेट होते, दर वेळी सोलणारा माणूस रेडमध्ये आहे ना ते मी बघते. खवले बँकेच्या पात्राकडे जमा. क्लासिकमध्ये गिल्ड बँकच नाही, ती मूळ खेळात २००७ मध्ये आली, म्हणजे सगळा माल एका माणसाच्या भरवशावर. ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या खेळात २००५ साली एका टोळीने वर्षभर आत राहून, विश्वास कमावून, एक अख्खी संस्था लुटली होती. आमचा बँकवाला चोख आहे, पण त्याच्यावर कधी संशय येऊ नये म्हणूनच दर रविवारी साठ्याचा स्क्रीनशॉट सगळ्यांना दिसेल असा टाकायचा. त्याने स्वतःच ही सूचना केली.

१६ फेब्रुवारी

ब्लॅकविंग लेअरमधली पहिली रेड. पहिल्या बॉसला, रेझरगोरला, वेळ लागला. एक जण गोळ्यावरून त्याला ताब्यात घेऊन अंडी फोडतो आणि बाकीच्यांनी चहूबाजूंनी येणाऱ्या शत्रूंना फिरवत ठेवायचं. अंडी संपण्याआधी रेझरगोर मेला तर सगळी रेड जाते. फोडायचं काम प्रीस्टने मागून घेतलं. शेवटचं अंडं फुटलं तेव्हा तिच्या आवाजात थरथर होती.

मग व्हेलास्ट्राझ. याला जुने लोक गिल्ड मोडणारा बॉस म्हणतात. तो सगळ्यांना अमर्याद माना, म्हणजे जादूची शक्ती, देतो आणि एकेकावर बर्निंग अ‍ॅड्रेनलिन टाकतो. ज्याच्यावर पडलं तो मरणारच, त्याने फक्त इतरांपासून लांब जाऊन मरायचं. अकरापर्यंत तो पडला नाही. पण एकही माणूस गर्दीत फुटला नाही, आणि अकराला थांबताना पुढच्या वेळी टँकांचा क्रम कसा लावायचा यावर सगळे एकदम बोलत होते. मला आज एवढंच हवं होतं.

बाकी कामं. दोन शामनची चाचणी बुधवारी संपते, दोघांनाही हो, रेडनंतर सांगायचं. क्लोक नसलेले पाच जण, पुढच्या ओनिक्सियाचे खवले त्यांना. व्हेलास्ट्राझसाठी तिसरा टँक तयार करायचा, नाराज वॉरियरने नाव दिलंय. बुधवारचे राखीव: एक रोग, एक हंटर आणि मी. दोघांना निरोप गेले. हंटरचं ‘ठीक’ आलं, रोगने अजून वाचलेलं नाही, उद्या दुपारी फोन करते.